गाडी टायर खात होती, गॅरेजवाला मला

पुढची नवी जोडी वीस-बावीस हजार किलोमीटरमध्ये संपली, तेव्हा गाडी टायर खायला लागली एवढं कळलं. का खाते, ते मी गॅरेजवाल्याला विचारलं. माझी चूक तिथेच झाली. टायरवर सगळं उमटलेलं होतं आणि मी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं.

त्याने लांबूनच निदान केलं, ‘टो गेलाय, अलाइनमेंट करून घ्या.’ टो म्हणजे पुढची दोन्ही चाकं पुढच्या टोकाला किती आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेली आहेत ते, अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. करून घेतलं. नवी जोडी टाकली. झिजलेले टायर ‘भंगारात मीच घेतो’ म्हणाला, तेही देऊन टाकले. तेवढीच आपली कटकट वाचली, असं तेव्हा वाटलं.

नव्या जोडीवरही तशीच झीज दिसायला लागली. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा छापील रिपोर्ट. तिसऱ्यांदा त्याने पवित्रा बदलला, ‘किंगपिन गेलीय,’ म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेभोवती वळतं ती. जॅक लावून चाक उचललं, ‘ग्रीस बघतो’ म्हणत हबची टोपी काढली, चाक वर-खाली धरून हलवून दाखवलं. चाक खरंच हलत होतं. मी मान डोलावली.

आता सांगतो तेव्हा काय राहिलं ते. चाक वर-खाली हललं म्हणजे किंगपिनच गेली असं नसतं, हबचं बेअरिंग ढिलं असलं तरी ते तसंच हलतं. एकाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ढिल गेली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिन आणि बुशचा. त्याने ब्रेकवर कुणालाच बसवलं नाही. टोपी काढली तेव्हा बेअरिंगचा नटही त्यानेच सैल केला का, हे मला सिद्ध करता येणार नाही. संशय मात्र आहे.

किंगपिनचा सेट ‘बदलला’, वर तिसरी अलाइनमेंट, तिसरा रिपोर्ट. मी जुने भाग मागितले, एवढी अक्कल होती. त्याने एक झिजलेली पिन हातात ठेवली. बिल दिलं, जॉब कार्डवर सही केली. झीज थांबली नाही.

शेवटी एका वयस्कर फिटरकडे गेलो. त्याने मशीन काढलंच नाही. टायरच्या रुंदीवरून आडवा तळहात फिरवला, एकदा डावीकडून उजवीकडे, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने करवतीसारखं. मग मला फिरवायला लावला, दोन्ही टायरवर. टो बिघडला असेल तर धारदार कडा दोन्ही चाकांवर आरशासारख्या उलट असतात: टो-इन जास्त असेल तर दोन्हींच्या आतल्या बाजूला, टो-आउट असेल तर बाहेरच्या. माझ्या दोन्ही टायरवर कडा एकाच दिशेला होत्या. ‘पुढे काय शोधताय, मागचा एक्सल तिरका आहे,’ तो म्हणाला.

स्टिअरिंग सरळ ठेवून त्याने टेपने पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजल्या. फरक 14 मिमी. एका बाजूच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा, एक्सल जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला, यू-बोल्ट ढिले, आणि एक्सल त्या बाजूने मागे सरकलेला. म्हणजे मागची चाकं गाडीला तिरकी ढकलणार, मी स्टिअरिंग थोडं वळवून तिला सरळ ठेवणार, आणि पुढचे टायर रस्त्यावर घासत जाणार. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा वाकडं राहायचं, ते मला रोज दिसायचं. मागून येणारा एक मित्र तर म्हणालाही होता, ‘तुझी गाडी खेकड्यासारखी पळते.’ मी हसलो होतो.

मग घरी बसून अलाइनमेंटचे जुने रिपोर्ट बाहेर काढले. तिन्हींवर मागच्या एक्सलचं माप छापलेलं, चूक अगदी शून्य. मी प्रत्येक वेळी शेजारी उभा होतो, मागच्या चाकांना गॅरेजवाल्याने सेन्सर लावलेच नव्हते. ‘दुरुस्तीपूर्वीचे’ आकडे तर तिन्ही कागदांवर दशांशापर्यंत सारखे. तीन वेळा बिघडलेली गाडी तिन्ही वेळा तंतोतंत तेवढीच कशी बिघडेल?

आणि ती पिन. फिटरने व्हर्नियर लावून जाडी मोजली. ती माझ्या एक्सलच्या भोकात शिरलीच नसती, इतकी जाड. किंगपिनच्या ग्रीस निपलभोवती माझ्याच गाडीची जुनी वाळलेली माती तशीच होती. काहीच उघडलं नव्हतं.

त्यामुळे पिन बदलायला दिली असेल तर जुनी पिन घेऊन समाधान मानू नका, ती तुमच्याच गाडीची आहे का ते मापून बघा. काम सुरू होण्याआधी नटावर, निपलवर रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढा. मी हल्ली पाट्यांच्या यू-बोल्टवरही रेघ मारतो, ढिला झाला की रेघ तुटते.

पिन आणि कागद घेऊन गॅरेजवाल्याकडे परत गेलो. पिनेबद्दल म्हणाला, पोराने चुकून दुसरी दिली असेल. रिपोर्टबद्दल म्हणाला, मशीन तसंच छापतं. वर सही केलेलं जॉब कार्ड दाखवलं. ‘पहिल्या वेळी टो गेलाच होता. नसेल तर ते जुने टायर आणून दाखवा.’

ते टायर त्याच्याकडेच होते.