मोठ्या मुलांचं परदेशातून दत्तक: संस्थेच्या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, मुलं कोणत्या देशातून आली तेही नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आमची मुलं ओळखू येतील, आणि स्वतःची गोष्ट कुणाला सांगायची हे त्यांनीच ठरवायचं आहे. नावं गाळूनही या सेवेबद्दल सांगण्यासारखं बरंच उरतं. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

मुलं सख्खी भावंडं. घरी आली तेव्हा थोरली ११ वर्षांची होती, धाकटा ८ वर्षांचा. आता तीन वर्षं होत आली. अर्ज केल्यापासून मुलांनी उंबरठा ओलांडेपर्यंत २ वर्षं ४ महिने गेले.

कागदपत्रांच्या कामात संस्था पक्की होती, याबद्दल तक्रार नाही. आमचे दोन्ही देश १९९३ च्या हेग करारातले, म्हणजे परदेशी दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातले, त्यामुळे सगळा व्यवहार दोन्हीकडच्या केंद्रीय प्राधिकरणांमार्फत, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणांमार्फत झाला. गृहभेटीचा अहवाल, वैद्यकीय दाखले, पोलीस पडताळणी, कोर्ट, व्हिसा, कुठलं काम कुठे अडलंय हे विचारलं की दोन दिवसांत उत्तर यायचं. दत्तकातून कुणी गैरवाजवी पैसा कमवू नये असं करारात स्पष्ट म्हटलंय. तो नियम वाचून दाखवत त्यांनी फीचा एकेक भाग कशासाठी आहे हे लिहून दिलं. मध्येच एखादा देश दारं बंद करू शकतो, हेही पहिल्याच बैठकीत सांगितलं. इथिओपियाने २०१८ मध्येच परदेशी दत्तकावर बंदी घातली होती, पुढे २०२४ मध्ये चीननेही जवळपास सगळं थांबवलं, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ नीट कळला.

तयारीचे वर्ग चार शनिवार-रविवार होते. पहिले दोन फार पुस्तकी. तिसऱ्या शनिवारी मात्र एक बाई आल्या, ज्या स्वतः ९ वर्षांच्या असताना दत्तक गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला आयुष्यभर एकच वाक्य ऐकायला मिळालं, तू किती नशीबवान. ज्या मुलीने तोवर आई, भाषा, मैत्रिणी, स्वतःची खाट सगळं गमावलंय, तिला हे वाक्य कसं लागत असेल, याचा विचार करा." मी वहीत ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. घरी आल्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, मुलांसमोर हा शब्द काढायचा नाही. एक पूर्ण तारा या बाईंना आणि त्यांना बोलावणाऱ्याला.

मुलं ताब्यात घ्यायला आम्ही तिकडे सहा आठवडे राहिलो. संस्थेने दिलेल्या दुभाषी बाई रोज सोबत होत्या. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो. त्या मुलांच्या वतीने कधी उत्तर द्यायच्या नाहीत. मूल गप्प बसलं तर त्याही गप्प बसायच्या, "ती लाजतेय हो," असं म्हणून वेळ मारून न्यायच्या नाहीत. मुलाचं वय आणि समज पाहून त्याचं म्हणणं विचारात घेतलं पाहिजे असं करारात आहे. त्यामुळे कोर्टाआधी तिथल्या समुपदेशकाने थोरलीशी एकटीशी बोलून घेतलं होतं. बाहेर आल्यावर ती आमच्यासमोर बसली, धाकट्याच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली, आणि मान वर न करता एक प्रश्न विचारला. दुभाषी बाईंनी तो आहे तसा आमच्या भाषेत आणला:

"आम्हाला परत पाठवायचं झालं, तर दोघांना एकत्रच पाठवाल ना?"

मी घाईघाईने काहीतरी प्रेमाचं बोलायला गेलो. बाईंनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "तिने विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या." बायको म्हणाली, "परत पाठवायचं नाही. आणि तुम्हा दोघांना वेगळं करायचं नाही." थोरलीने ते बाईंच्या तोंडून दोनदा ऐकून घेतलं. मग नाडी बांधून झाली.

घरी आल्यानंतरचे पहिले दोन महिने मुलं पाहुण्यांसारखी वागली. ताट उचलून ठेवायची, विचारल्याशिवाय फ्रीज उघडायची नाहीत. असा काळ येतो आणि तो टिकत नाही, हे वर्गात सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही हुरळलो नाही. उशीखाली लपवलेला खाऊ सापडला तेव्हाही ओरडलो नाही. एक डबा भरून दोघांच्या खोलीतच ठेवला, रिकामा झाला की भरायचा. काही महिन्यांनी तो पुन्हा भरावा लागेनासा झाला. धाकटा मात्र बहिणीने मान हलवल्याशिवाय घास घेत नसे, ते सुटायला वर्ष लागलं. मुलीने आपलं आईपण आमच्याकडे सोपवावं अशी आमची फार घाई होती आणि ती घाई चुकीची होती. तेच तिचं सगळ्यात जुनं काम होतं.

आता तारे का कापले ते सांगतो.

दुभाषी बाईंची फोनवरची मदत संस्थेशी झालेल्या करारानुसार तीन महिन्यांची होती. ती संपली आणि चौथ्या महिन्यात घर ढवळून निघालं. धाकटा शाळेत आणि गल्लीत खेळून भराभर मराठी बोलायला लागला होता. एका संध्याकाळी थोरलीने त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि त्याने मराठीत उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा मराठीतच दिलं. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, खोलीत गेली आणि दाराला आतून टेबल लावलं. आम्ही दाराबाहेर बसून राहिलो. ती आत काय बोलत होती त्यातला एकच शब्द कळत होता. त्यांच्या भाषेतला 'आजी'.

इतक्या लवकर मूल पहिली भाषा बोलायचं सोडतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हे नेहमी घडतं म्हणे. मग ते वर्गात का नव्हतं? संस्थेला फोन केला तर आमचं प्रकरण पाहणाऱ्या कार्यकर्त्या नोकरी सोडून गेलेल्या, नवीन कुणी अजून नेमलेलं नाही, "तातडीचं असेल तर ईमेल करा." त्याच आठवड्यात त्यांच्याकडून प्रगती अहवालाचा फॉर्म आला. उंची, वजन, लसी, शाळेतली हजेरी, आणि 'कुटुंबाचा हसरा फोटो'. तो फोटो काढायला आम्ही साफ नकार दिला.

शेवटी आम्ही स्वतःच्या खर्चाने त्याच दुभाषी बाईंना गाठलं. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास. पहिल्याच कॉलवर थोरली चाळीस मिनिटं अखंड बोलली. आजी रविवारी भेटायला यायची. सोबत धाकट्यासाठी काहीतरी आणायची. एक दिवस यायची बंद झाली. आता धाकटा भाषा विसरला तर आजीला त्याच्याशी बोलता कसं येणार?

आमच्याकडच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं: 'नातेवाईक नाहीत.'

ती रात्र मी विसरणार नाही. मुलाला त्याच्या स्वतःच्या देशात सांभाळता येईल का हे आधी पाहायचं, ते शक्य नसेल तरच परदेशी दत्तक, ही हेग कराराची पायरीच आहे. जिवंत आजी असताना आम्ही तिची नातवंडं उचलून आणली होती का? नेदरलँड्सने २०२१ मध्ये गैरप्रकार दाखवणाऱ्या एका चौकशी समितीच्या अहवालानंतर परदेशी दत्तक काही काळ थांबवलं होतं, ते आम्ही अर्ज करताना वाचलं होतं आणि 'जुन्या काळातले प्रकार' म्हणून बाजूला सारलं होतं. (नंतर २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने तिथून परदेशी पाठवलेल्या मुलांच्या कागदपत्रांमधल्या खोट्या नोंदी जाहीर केल्या, तेव्हा पोटात तसाच गोळा आला.)

संस्थेने दोन ईमेलना उत्तर दिलं नाही. तिसऱ्या वेळी बायकोने रजिस्टर पत्र पाठवलं. मुलांच्या मूळ कुटुंबाची आणि वैद्यकीय इतिहासाची माहिती जपून ठेवली पाहिजे असं सांगणारं हेग कराराचं ३० वं कलम त्यात शब्दशः लिहिलं, आणि मूळ भाषेतली पूर्ण फाइल मागितली. सात आठवडे लागले. दरम्यान नवीन कार्यकर्त्या रुजू झाल्या होत्या. त्या कामाच्या निघाल्या. फाइल आली, भेटींच्या नोंदवहीच्या पानांसकट.

मूळ वाक्य होतं: 'सांभाळ करू शकतील असे नातेवाईक नाहीत.' भाषांतर करताना 'सांभाळ करू शकतील असे' हे शब्द गळले होते. आजी होती. तिला पक्षाघात झाला होता, तिची समजूत काढून, तिच्याशी दोनदा बोलून मग तिची संमती घेतलेली होती, सही होती. सगळं कायदेशीर होतं. पण चार शब्द गळाले आणि आमच्या मुलीची आजी कागदावरून पुसली गेली. ते भाषांतर मूळाशी ताडून पाहिल्याचा शिक्का मारून आलं होतं, त्याचा खर्चही संस्थेशी झालेल्या करारानुसार आम्हीच भरला होता. संस्थेत एकाही माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले नव्हते. एक तारा इथे गेला, आणि तो मी परत देणार नाही.

नवीन कार्यकर्त्यांनी पुढचं मनापासून केलं. दोन्ही प्राधिकरणांची परवानगी काढली, आधी पत्र आणि फोटो, मग आवाज. पहिल्या कॉलवर आजीने अडखळत जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी होती की धाकट्याला दोन वर्षांचा असताना एका इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास लागला होता. फाइलमध्ये याचा उल्लेख नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवलं आणि तपासणी होईपर्यंत त्याच्या कागदांवर पेनिसिलिन टाळा असं लाल शाईने लिहिलं. मुलं आल्याआल्या याच डॉक्टरांनी लसींच्या दाखल्यांवर न विसंबता रक्त तपासून पुन्हा खात्री केली होती. परदेशातून आलेल्या प्रत्येक मुलासाठी हे करून घ्या.

भाषेबद्दल एक. आमचे समुपदेशक म्हणाले, रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा मुलं दोनेक वर्षांत उचलतात, पण अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कॅनडातले जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी मांडलंय. शाळेला हे आधी सांगून ठेवलं नाही तर फाडफाड बोलणारी मुलगी इतिहासाच्या पेपरात नापास होते तेव्हा तिला आळशी म्हणतात. आमच्या थोरलीला म्हटलं होतं. संस्थेने शाळेसाठी एक पानाचं पत्र दिलं असतं तरी पुरे होतं.

मराठीने तिला एक अडचणही दिली. तिच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द. इथे तिला निवडावं लागायचं. दीड वर्ष ती 'आम्ही'च म्हणायची, म्हणजे ती आणि भाऊ. "आम्ही रविवारी काय करायचं?" बायकोने एकदाही दुरुस्त केलं नाही, मलाही करू दिलं नाही. पुढे कधीतरी 'आपण' यायला लागलं, कधी 'आम्ही' परत यायचं. अजून दोन्ही चालू आहेत.

तर साडेतीन कसे: एक कागदपत्रांचा, एक त्या वर्गातल्या बाईंचा, एक दुभाषी बाईंचा, आणि अर्धा नवीन कार्यकर्त्यांचा, त्या उशिरा आल्या म्हणून अर्धा. तुम्ही मोठ्या मुलासाठी संस्था निवडत असाल तर पहिल्याच बैठकीत विचारा, की मुलं आल्यावर वर्षभर दुभाष्या देणार का, मूळ भाषेतली फाइल आमच्या हातात देणार का, आणि कार्यकर्ता बदलला तर मधल्या दिवसांत फोन कोण उचलणार. उत्तर लेखी घ्या. आम्ही फक्त 'किती दिवस लागतील' एवढंच विचारत बसलो होतो.

आजीचा फोन आता महिन्यातल्या पहिल्या रविवारी असतो. धाकटा 'कशी आहेस' पासून सुरुवात करतो आणि चारपाच वाक्यांत अडकतो, मग बहीण पुढचं सांगते. दुभाषी बाई आता लागत नाहीत, थोरलीच आम्हाला मराठीत सांगते आजी काय म्हणाली ते. कधी आजी बराच वेळ बोलते आणि थोरली आमच्याकडे वळून एवढंच म्हणते, "काही नाही, बरी आहे." आम्ही बरं म्हणतो.