कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन ईसीई: दोन सेमिस्टरनंतर

कॅलिफोर्नियात प्रीस्कूल टीचर व्हायचं ज्यांच्या मनात आहे, त्या मैत्रिणींसाठी लिहितेय. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) अर्ली चाइल्डहुड एज्युकेशनचे, म्हणजे ईसीई किंवा बालशिक्षणाचे, चार कोर्स, म्हणजे 12 युनिट (क्रेडिट), मी ऑनलाइन पूर्ण केले.

आधी पैशांचं. राज्याच्या रहिवाशांना युनिटला 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या कोर्सला 138. राज्यात वर्षभराहून जास्त वास्तव्य दाखवता आलं नाही तर फी कित्येक पटींनी वाढते. ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले कोर्स निवडले, त्यामुळे पुस्तकांचा खर्च वाचला.

लेक झोपली की रात्री नऊला कॅनव्हास, म्हणजे कॉलेजची ऑनलाइन वर्गाची साइट, उघडायचं, हा नेम झाला. घर सांभाळून शिकायचं तर ही सोय सोन्यासारखी आहे. मात्र एका कोर्सला शिक्षक जवळपास नव्हतेच. क्विझ आपोआप तपासल्या जायच्या आणि डिस्कशनमध्ये आम्ही एकमेकींना ‘छान लिहिलंस’ म्हणत राहायचो. त्या कोर्समधलं आज फारसं आठवत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

चाइल्ड डेव्हलपमेंटच्या बाई अगदी वेगळ्या. त्यांनी प्रीस्कूलमध्ये बसून निरीक्षण लिहायला सांगितलं. (टीबी टेस्ट आणि लसींचे कागद आधीच काढून ठेवा, माझे दोन आठवडे त्यातच गेले.) मी लिहिलं, ‘मुलगा हट्टी आहे, ट्रक कुणाला देत नाही.’ बाजूला बाईंची टीप आली: ‘हट्टी’ डोळ्यांना कसं दिसलं? जे दिसलं तेवढंच लिही. मग पुन्हा गेले. ‘10:12. निळा ट्रक दोन्ही हातांनी छातीशी धरला. दुसऱ्याने हात पुढे करताच पाठ फिरवली. दाराकडे पाहिलं. 10:14. पुन्हा दाराकडे पाहिलं.’ आई त्याला सोडून नुकतीच त्या दारातून गेली होती. हट्ट कुठे होता त्यात? त्या दिवसापासून लेकीलाही हट्टी म्हणताना माझी जीभ अडखळते.

6 युनिट झाले आणि पुढचे कोर्स चालू असले की खासगी प्रीस्कूलमध्ये टीचर म्हणून लागता येतं. मीही लागले. नियमाने एका टीचरकडे 12 मुलं. पहिल्या सर्कल टाइमला (सगळ्या मुलांना गोल बसवून गाणी-गोष्टी करायची वेळ) दोघं रडत होती, एकाने चड्डी ओली केली होती, आणि पाहिलेल्या व्हिडिओंपैकी एकही कामाला आला नाही. शेजारच्या वर्गातल्या ताईंनी येऊन नुसतं हळू आवाजात गाणं सुरू केलं आणि वर्ग शांत झाला. हे पडद्यावर शिकता येत नाही हो!

म्हणूनच प्रॅक्टिकमची, म्हणजे मुलांसोबत शिकवण्याचा सराव करायच्या कोर्सची, चौकशी प्रवेश घेतानाच करा. माझ्या कॉलेजात तो प्रत्यक्ष वर्गातच होतो आणि तोही फक्त सकाळी. मला हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, तोवर जागा भरल्या होत्या. आता पुढच्या सेमिस्टरसाठी मुख्याध्यापिकांकडून आठवड्यातल्या दोन सकाळी मागून घेतल्या आहेत.