घरगुती रेट्रो कंट्रोलरची बटणं: पावसाळाभर वापरल्यानंतर

बोर्ड प्रो मायक्रो (कोड टाकून चालवायचा छोटा मायक्रोकंट्रोलर), डबा थ्रीडी प्रिंटचा, मांडणी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम यंत्राची: डावीकडे डी-पॅड (चार दिशांचं अधिकच्या चिन्हासारखं बटण), उजवीकडे बी आणि ए, मध्ये सिलेक्ट-स्टार्ट. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी जे ‘व्हिडिओ गेम’ होते ते बहुतेक याच जपानी यंत्राच्या नकला, त्यामुळे अंगठ्याला ही मांडणी पाठ आहे. डी-पॅडच्या चार दिशा धरून आठच बटणं, म्हणून मॅट्रिक्सची, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत पिना वाटून घ्यायची, भानगड नाही. प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन, दुसरा पाय ग्राउंडला, पुल-अप (बटण सुटं असताना पिनवर व्होल्टेज टिकवणारा रोधक) बोर्डातलाच.

सुरुवात सगळे करतात तशी ६ बाय ६ मिलिमीटरच्या टॅक्ट स्विचने (दाबला की ‘कट’ वाजणारं छोटं चौकोनी बटण) केली. स्वस्त, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मूठभर मिळतात. चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेले असतात, म्हणून तिरपे समोरासमोरचे दोन पाय घ्यायचे, मग जोडी ओळखायची कटकट उरत नाही. दुकानदार विचारत नाही, पण तुम्ही विचारा: दाब किती ग्रॅमचा? १०० आणि २६० ग्रॅममधला फरक दुकानात बोटाला जेमतेम कळतो, खेळताना अंगठ्याला चांगलाच कळतो. सुपर मारिओत पळण्यासाठी बी दाबून धरायचं आणि त्याच अंगठ्याने ए वर उडी मारायची. कडक स्विचवर एक-दोन लेव्हल झाल्या की अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. ए-बीला १०० ग्रॅमचेच घ्या.

डी-पॅडची गोष्ट वेगळी. टॅक्टची चाल, म्हणजे बटण खाली जातं ते अंतर, जेमतेम पाव मिलिमीटर. तेवढ्यात खटका बसतो, पण तिरपी दिशा देताना दोन खटके मागेपुढे होतात. कॉन्ट्रात तिरपी गोळी मारायला गेलं की गडी आडवीच मारतो. शिवाय रात्रीचा तो कट-कट आवाज! भिंतीपलीकडून टोमणे आले.

म्हणून डी-पॅडखाली एका मेलेल्या कंट्रोलरचं कार्बनच्या टिकल्यांचं रबर बसवलं. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तेच तत्त्व. खालच्या पीसीबीवर (छापील सर्किटच्या पाटीवर) एकमेकांत गुंतलेल्या कंगव्यांसारखे तांब्याचे पट्टे लागतात. बोर्ड बनवून घेणार असाल तर त्यावर सोन्याचा मुलामा सांगा, उघडं तांबं दमट हवेत काळं पडतं. पॅडच्या मधोमध खाली एक टेकू हवाच. तो नसेल तर चारही दिशा एकदम दबतात आणि दोष बिचाऱ्या रबराला जातो.

इतक्या महिन्यांनी रबर पहिल्यासारखंच आहे. मध्यंतरी ‘डावीकडे’ आळशी झालं होतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला आणि सुटलं. टॅक्टला ही सोय नाही. उलट सोल्डरिंगनंतर बोर्ड अल्कोहोलने धुतला तर विरघळलेलं फ्लक्स (सोल्डरसोबतचा राळेसारखा चिकट पदार्थ) उघड्या स्विचच्या आत शिरतं आणि तो चिकट होतो. माझ्या बी चा खटका आता बोथट झालाय, कधी एका दाबाचे दोन मोजतो. कोडमध्ये ५ मिलिसेकंदांचा डिबाउन्स (तेवढ्या वेळातले जादा खटके न मोजणं) टाकून तूर्त भागवलंय, पण तो बदलावाच लागेल.

मेकॅनिकल कीबोर्डचे बुटके चॉक स्विचही लावून पाहिले. दाब ५० ग्रॅम, एकूण चाल ३ मिलिमीटर. हात खूश, पण हातात धरायच्या डब्यासाठी जाड पडतात. मांडीवर ठेवायचा आर्केड डबा असेल तर जरूर घ्या.

स्टार्ट-सिलेक्टला मात्र तेच सगळ्यात कडक, स्वस्त टॅक्ट ठेवलेत. चुकून दबत नाहीत.