साधं, गावठी की ‘व्हिटॅमिनवालं’ अंडं: जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे?

ठाण्यात अंडी तीन तऱ्हांची मिळतात. नाक्यावरच्या दुकानातली ट्रेमधली पांढरी, घोडबंदर रोडच्या सुपरमार्केटात डब्यात येणारी ‘व्हिटॅमिन डी’, ‘ओमेगा-३’ लिहिलेली, आणि बाजारात मुरबाड-शहापूरकडची म्हणून विकली जाणारी गावठी. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असलं की हात आपोआप महागड्या डब्याकडे जातो. तो जावा की नाही, हे त्या डब्यावर नेमकं काय छापलंय त्यावर ठरतं.

कारण कोंबडीला जे खाऊ घालाल ते सगळं अंड्यात उतरत नाही. डी, ई आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं चांगली उतरतात, सेलेनियम आणि आयोडीनही. फोलेट एका पातळीपर्यंत वाढतं, पुढे खाद्यात कितीही घाला, अंड्यात भर पडत नाही. लोह जवळपास हलत नाही. खाद्यातलं कॅल्शियम कवचात जातं आणि कवच आपण टाकून देतो. प्रथिनं साध्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतात, महागड्यातही साधारण तितकीच. त्यामुळे ‘हाय प्रोटीन’ किंवा ‘आयर्न रिच’ एवढंच लिहिलेला डबा मी तरी सरळ परत ठेवते.

ट्रेमधल्या साध्या अंड्याला कमी लेखू नका. लेअर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या मका-सोयापेंडीच्या खाद्यात व्हिटॅमिन-मिनरलचं प्रीमिक्स असतंच, नाहीतर अंडी घालणंच कमी होतं. अशा एका अंड्यात डी साधारण ४० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) असतं. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू आहे.

डब्यातल्या अंड्याची खरी जमेची बाजू म्हणजे ओमेगा-३ हे स्निग्धांश. खाद्यात जवस असेल तर कोंबडी त्यातल्या स्निग्धांशाचा काही भाग डीएचए या माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३मध्ये बदलून बलकात साठवते. आपलं शरीर हे काम फारच कमी करतं, म्हणून मासे न खाणाऱ्या घरात या अंड्याला अर्थ आहे. हे स्निग्धांश लवकर खराब होतात, म्हणून खाद्यात ई जास्त घालतात. डब्यावर ही दोन नावं बहुतेकदा जोडीने दिसतात ती त्यामुळे.

मात्र डबा उलटा करून मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. आकडा ‘प्रति १०० ग्रॅम’ असेल तर तो सुमारे दोन अंड्यांचा आहे. म्हणजे तिथे १६० आययू लिहिलं असेल तर एका अंड्यात ८०, साध्याच्या दुप्पट. किंमतही दुप्पट असेल तर दोन साधी अंडी खा, वर प्रथिनंही दुप्पट मिळतील. आकडाच छापलेला नसेल तर तो डबा घेऊ नका.

गावठीचं काय? उन्हात फिरणारी कोंबडी पायाच्या उघड्या कातडीतून डी तयार करते, त्यामुळे तिच्या अंड्यात ते बंद शेडमधल्या अंड्यापेक्षा बरंच जास्त असू शकतं. पण बलक भरायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत तिला जे मिळालं तेच त्यात उतरतं. पावसाळ्यात वेगळं, मे महिन्यात वेगळं. अंडंही लहान, ४० ग्रॅमच्या आसपास. बलकाच्या केशरी रंगावर जाऊ नका. तो हिरव्या पाल्याने येतो, तसाच खाद्यातल्या झेंडूच्या अर्कानेही येतो. कवचाचा तपकिरी रंग तर निव्वळ जातीचा.

माझं मत असं: रोज घरातल्या सगळ्यांसाठी ट्रेची अंडी. मासे न खाणारी गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्यापुरता ओमेगा-३चा डबा, डीएचएचा आकडा बघून. विकणाऱ्या बाई ओळखीच्या असतील तर चवीसाठी गावठी जरूर घ्या. पांढराच भाग खाऊन बलक टाकणाऱ्यांनी महाग अंडं घेऊच नये, कारण डी, ई, ओमेगा-३ सगळं बलकात असतं.

आणि रक्ततपासणीत डी खूप कमी आलं असेल तर अंड्यांवर भिस्त ठेवू नका. डॉक्टर आठवड्याला देतात ती पुडी ६०,००० आययूची असते. ८० आययूच्या हिशेबाने ती ७५० अंडी होतात.