नऊ महिने, चार बर्नर आणि एक रुसलेला खटका

शनिवारी संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता, मीठ लावलेले दोन स्टेक ताटात तयार होते, आणि बार्बेक्यू पेटेना. बटण दाबलं की टक्-टक् आवाज येतो, गॅस फुसफुसतो, पण ठिणगीचा पत्ता नाही. जूनपासून हेच चाललंय. म्हणून या बार्बेक्यूचा रिव्ह्यू एकदाचा लिहूनच टाकतो.

चार बर्नरचा, झाकणवाला, ९ किलोच्या सिलिंडरवर चालणारा साधा बार्बेक्यू. आमच्या इथे न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये घरटी मागच्या अंगणात हाच किंवा याचा सख्खा भाऊ उभा असतो, त्यामुळे मापं सांगत बसत नाही. नोव्हेंबरच्या सेलमध्ये ५९९ डॉलरला घेतला. निमित्त रक्ततपासणीचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, ४३ आला. न्यूझीलंडच्या मोजमापात ४१ ते ४९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाल्या, चाला आणि वजन उतरवा. पॅलिओ, म्हणजे आदिमानवासारखं खायचं, ही माझी स्वतःची अक्कल. धान्य बंद, डाळी बंद, दूधदुभतं बंद, साखर बंद. वसईच्या ख्रिस्ती घरातल्या माणसाने पाव सोडायचा म्हणजे काय, हे वसईकरालाच कळेल.

अमेरिकेतल्या पॅलिओवाल्यांचं वाचलं तर ‘ग्रास-फेड’ हा शब्द ते असा वापरतात, जसा आपण ‘देवगडचा’ म्हणतो. इथे खाटकाला विचारलं, हे गवतावरचं आहे का, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. इथली बहुतेक गुरं बारा महिने कुरणातच चरतात, मग वेगळं काय सांगायचं? ओळखायची खूण म्हणजे चरबीला येणारी पिवळसर छटा. ती गवतातल्या कॅरोटीनची. मी पहिल्यांदा ते पाहून मांस शिळं आहे समजून परत करायला निघालो होतो.

पहिले दोन महिने स्टेक वातड व्हायचे. दोष मी आधी खाटकाला दिला, मग बार्बेक्यूला. खरं कारण आमचा कुकर. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद आहे, म्हणजे घरी यायचं ते म्हशी-रेड्याचं, आणि आई त्याला सात शिट्ट्या देणार. मांस म्हणजे बोटांनी तुटेपर्यंत शिजवायचं, हे हाडात भिनलेलं. पण स्कॉच फिलेटचा, म्हणजे बरगडीजवळच्या मऊ, बिनहाडाच्या मांसाचा, अडीच सेंटिमीटर जाड तुकडा म्हणजे काही रश्श्यातलं बीफ नव्हे. त्यात गवतावरच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे ते झटकन शिजतं आणि तितक्याच झटकन कोरडं पडतं.

आता बसलेली पद्धत अशी. चाळीस मिनिटं आधी मीठ, जाळीवर ठेवताना कागदाने पुसून कोरडं, तेल जाळीला नाही तर मांसाला. झाकण लावून बारा मिनिटं बार्बेक्यू तापवायचा. एकेका बाजूला साधारण तीन मिनिटं. टोचायच्या थर्मामीटरवर ५२ अंश दिसले की उतरवायचं आणि सहा मिनिटं हात लावायचा नाही, आतली उष्णता आणखी तीन-चार अंश चढते. मग धाग्याला आडवं कापायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती असा आहे. तेवढं शिजलेलं माझ्या दातांना पुन्हा वातड लागतं, त्यामुळे ही जोखीम माझी. झाकणावरच्या काट्याकडे मात्र बघूही नका. तो झाकणाजवळच्या हवेचं तापमान सांगतो, मांसाच्या पोटात काय चाललंय ते त्याला काय ठाऊक! वीस डॉलरचं थर्मामीटर ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात शहाणी खरेदी.

सोबत फॉइलमध्ये भाजलेला कुमारा, म्हणजे इथलं रताळं. बॉटल मसाला, म्हणजे आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा वर्षाचा मसाला, लावावा असं फार मनात होतं, पण आमच्या घरच्या मसाल्यात गहू आणि चणे भाजून घातलेले असतात, म्हणजे नियमात बसत नाही. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचं वाटण आणि लिंबू यावर भागवतो.

तर तो खटका, म्हणजे ठिणगी पाडणारा इग्नायटर. आधी सेल बदलला, फरक नाही. दुकानात गेलो. ते म्हणाले, तेलकटपणामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही, फार तर कंपनीला मेल करा. सुटा भाग ३८ डॉलर. आधीच ५९९ दिलेल्या माणसाने ३८ डॉलर ठिणगीसाठी द्यायचे? मग घरातला ड्रॉवर उपसला. इथे येताना आईने बॅगेत कोंबलेला स्टीलचा गॅस लायटर त्यात होता. आमची शेगडी विजेची, त्यामुळे त्याला इतकी वर्षं काम नव्हतं. जाळीच्या फटीतून तो खाली धरला, एक टिचकी, आणि भप्प. बर्नर पेटला. मनगटावरचे केसही गेले.

ते केस जाण्यात चूक माझी. गॅस सोडून मी लायटर शोधत बसलो होतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. झाकण उघडं ठेवूनच पेटवायचं, आधी लायटर हातात, मग गॅस. पाच-दहा सेकंदांत पेटलं नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबायचं. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी ते नंतर वाचलं.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं, १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट वाच. वाचला. वस्तू ठीक दर्जाची नसेल तर जबाबदारी दुकानाचीही असते, ‘कंपनीकडे जा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. तो संदर्भ देऊन, अजिबात आवाज न चढवता, दुकानाला मेल टाकला. आज पाचवा दिवस, उत्तर नाही. तारे: पाचपैकी एक.

*

वरचं लिहून तसंच ठेवलं होतं. दरम्यान दुकानाचं उत्तर आलं, माफी वगैरे काही नाही, पण इग्नायटरचा नवा संच फुकट पोस्टाने आला. रविवारी बसवायला घेतला. जुना काढताना लक्षात आलं की त्याची तार बाजूला वाकलीय. तार आणि बर्नर यांच्यात चार-पाच मिलिमीटर अंतर लागतं, इथे सेंटिमीटरहून जास्त होतं. ठिणगी उडी मारणार कुठे? तार वाकवली कोणी, तर दर आठवड्याला वायरब्रश घेऊन जोरात घासणाऱ्या मी. चिमट्याने सरळ केली, चरबीचा थर पुसला, बटण दाबलं. पहिल्या टक्-ला पेटला.

आता नवा संच लायटरच्या जागी ड्रॉवरमध्ये आहे. दुकानाला काही कळवलेलं नाही.

एचबीएवनसी ४० वर आला. श्रेय स्टेकला देणार नाही. वाइकाटो नदीकाठी रोज पाऊण तास चालतोय आणि पाव सुटलाय. शिवाय इथल्या आरोग्य खात्याच्या सल्ल्याप्रमाणे आठवड्याला शिजलेलं लाल मांस ५०० ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे स्टेक दोनदाच. बाकी दिवशी मासे आणि अंडी.

तारे बदलून साडेतीन करतो. अर्धा कापला तो झाकणावरच्या खोटारड्या काट्यासाठी. एक कापला कारण ती तार बरोबर तिथे बसवलीय, जिथे चरबी ठिबकते आणि जिथे ब्रश लागल्याशिवाय जाळी साफ होतच नाही. लायटर मी बाजूच्या हुकला टांगून ठेवलाय.