तणमुक्त खताच्या नावाखाली आगरात आलेला लव्हाळा

गुहागर तालुक्यात समुद्राच्या जवळच आमचे नारळ-सुपारीचे आगर आहे. आजोबांच्या काळापासून येथे केना, आघाडा, टाकळा आणि लाजाळू ही तणे होती आणि त्यांची बेणणी केव्हा करायची हेही घरात सर्वांना ठाऊक होते. जमिनीखाली गाठी धरणारे लव्हाळा हे तण मात्र या आगरात कधीच नव्हते. ते गेल्या पावसाळ्यात आले आणि ते मी पैसे मोजून घेतलेल्या खतातून आले. हेच दुसऱ्या कोणाच्या आगरात घडू नये म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मार्च महिन्यात एक खतविक्रेता टेंपो घेऊन वाडीत आला. रिसॉर्ट आणि बंगल्यांच्या बागांतून निघणारे गवत, पालापाचोळा व तण गोळा करून आपण त्याचे कंपोस्ट करतो आणि ढिगाच्या उष्णतेने त्यातील सर्व बी मरते, असे त्याने सांगितले. बागेतला कचरा जाळून टाकण्याऐवजी कोणीतरी त्याचे खत करत आहे ही गोष्ट मला मनापासून आवडली आणि त्या आनंदात जी चौकशी करायला हवी होती ती राहून गेली. त्याने पिशवीतून दाखवलेला नमुना काळसर, भुसभुशीत आणि ओल्या मातीच्या वासाचा होता. गोणीला 300 रुपये या दराने 60 गोण्या ठरल्या आणि 18,000 रुपये मी रोख दिले.

प्रत्यक्षात माल आला तो कोळंबीच्या खाद्याच्या जुन्या गोण्यांतून. त्यांवर उत्पादकाचे नाव, वजन, घटकांचे प्रमाण यांपैकी काहीही नव्हते. बिल मागितले तेव्हा "उद्या पाठवतो, काका," असे उत्तर मिळाले आणि ते बिल आजतागायत आलेले नाही. काही गोण्या हाताला गरम लागत होत्या. मी विचारले तर, याच उष्णतेने तणाचे बी मेले आहे, असे त्याने मला त्याच गोणीवर हात ठेवायला लावून पटवले. ही त्याची सर्वांत मोठी लबाडी होती, कारण तयार झालेले खत थंड असते आणि गोणी गरम लागते याचा अर्थ आतले कुजणे अजून संपलेले नाही, इतकाच होतो.

मे अखेरीस ते खत नारळाच्या आळ्यांत पडले आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर दहा-बारा दिवसांत आळ्यांतून तलवारीसारखी टोकदार, चकचकीत हिरवी पाती वर आली. शेजारचे आबा पाहायला आले आणि मी उपटायला वाकलेला पाहून म्हणाले, "अरे, उपटू नको. वरचं पातं हातात येईल आणि गाठ खालीच राहील. खणून काढ." खणल्यावर दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठी निघाल्या, एक चिरली तर आत पांढरी आणि वास उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा. उरलेल्या गोण्या चाळणीवर ओतल्या, तर तशाच गाठी खतातही सापडल्या. आळ्यांच्या कडेला गाजर गवताची रोपेही उगवली. या गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे ते हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वीच काढले.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने झालेल्या प्रकाराबद्दल एक शब्दही न काढता कुजवणाऱ्या जिवाणूंची भुकटी विकत घ्यायला सांगितली. ती टाकली की तण आपोआप नाहीसे होईल, असे त्याचे म्हणणे होते. हे मी घेतले नाही आणि कोणीही घेऊ नये. अशा भुकटीने कुजण्याला वेग येऊ शकतो, पण जमिनीत रुजलेली गाठ तिने मरत नाही. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात 2006 पासून शहरी कंपोस्ट आणि गांडूळखत यांचीही मानके ठरलेली आहेत, परंतु ज्या मालाला बिल नाही आणि ज्या गोणीवर नाव नाही, त्याविरुद्ध तक्रार कोणत्या कागदाच्या आधारे करणार?

बी मारते ती ढिगातली उष्णता, हे विक्रेत्याचे म्हणणे मुळात खोटे नव्हते; त्याने ती उष्णता दिलीच नव्हती. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, त्यात हिरव्या तणाबरोबर सुका पातेरा व शेण हवे आणि आतले तापमान 55 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तेथे बरेच दिवस टिकायला हवे. ढिगाची बाहेरची बाजू थंड राहते, म्हणून पंधरा दिवसांत पाच वेळा ढीग उलटून कडेचे आत घालावे लागते. आपल्याकडे तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजतात त्यामागेही जमिनीतले बी उष्णतेने मारणे हा एक हेतू असतोच. पावसात उघडा ठेवलेला ढीग भिजून गार पडतो, त्यामुळे वर प्लास्टिक आणि झाप (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) घालणे आवश्यक आहे. गांडूळखताचा ढीग तर तापतच नाही, कारण तापला तर गांडुळे मरतील. म्हणून बी धरलेले तण गांडुळांच्या हौद्यात कधीही घालू नये.

आता आमच्याकडे केना आणि हरळी झाकणाच्या पिंपात, पाण्यात पूर्ण बुडवून दोन महिने सडवतो आणि मगच ढिगावर ओततो, कारण केन्याच्या ओल्या कांडीलाही मुळे फुटतात. लव्हाळ्याच्या गाठी पाण्यात लवकर मरत नाहीत. त्या पिशवीत बांधून ठेवल्या आणि ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर कातळावर पसरून, चिरल्यावर आत ओल लागेनाशी होईपर्यंत वाळवल्या.

यापुढे खत घेताना मी नमुना विक्रेत्याच्या पिशवीतून घेत नाही, तर टेंपोतल्या मधल्या गोणीतून स्वतः काढतो. तो परातीत पसरून, रोज पाणी शिंपडून तीन आठवडे सावलीत ठेवतो आणि काही उगवले नाही तरच बिलासह पैसे देतो. जुन्या खताच्या चौदा गोण्या अजून प्लास्टिकखाली बांधून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एकीचा नमुना गेल्या पंधरवड्यात परातीत घातला, तर नवव्या दिवशी दोन पाती वर आली. त्या गोण्या अजून आगरात नेलेल्या नाहीत.