सॅन फ्रान्सिस्कोला एक थांबा घेऊन जायचंय: सिंगापूरमार्गे की दुबईमार्गे?

मुंबईहून बे एरियात जायचं आणि मधे एकच थांबा हवा असला की बहुतेकांची गाडी शेवटी दोन पर्यायांवर येते, पूर्वेकडून सिंगापूर नाहीतर पश्चिमेकडून दुबई. तिकिटाचा भाव, बॅगा, जेवण हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते दिशेबद्दल, कारण बुकिंग करताना आपण जातानाचे तास बघतो आणि येताना तेवढेच लागतील असं धरून चालतो, आणि खरा फरक नेमका येतानाच पडतो.

मुंबई-दुबई साधारण 1,900 किमी आणि पुढे 13,000, मुंबई-सिंगापूर 3,900 आणि पुढे 13,600, म्हणजे सिंगापूरची वाट जवळपास अडीच हजार किमीने लांबची. तरी जाताना ते फार जाणवत नाही. पॅसिफिकवर साधारण विमानं उडतात त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात जपानच्या आसपास तर फारच जोरात, आणि विमान त्यात शिरलं की स्क्रीनवर ताशी हजार किमीच्या वरचे आकडे दिसायला लागतात. (हे वारे 1920 च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून मोजले होते, जगाने लक्ष दिलं ते बरंच नंतर.) पृथ्वी खालून फिरते म्हणून एका दिशेला लवकर पोचतो असं बरेच जण सांगतात पण ते तसं नाहीये, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे जाताना त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून हा वारा तयार होतो. तर सिंगापूरहून पुढे जाताना पंधरा तासांच्या आसपास लागतात, सकाळी निघायचं आणि तारीखरेषा ओलांडून त्याच तारखेच्या सकाळी उतरायचं. जातानाचा हा प्रवास मला खरंच आवडला, खोटं कशाला बोला.

दुबईचं गणित वेगळं आहे. दुबई साधारण 55 अंश पूर्वेला आणि सॅन फ्रान्सिस्को 122 अंश पश्चिमेला, बेरीज केली तर 177, म्हणजे रेखांशांच्या हिशोबाने दोन्ही गावं उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ बरोब्बर विरुद्ध बाजूंना. त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सरळ उत्तर ध्रुवाजवळून जातो. विमान अर्धा वेळ उत्तरेला आणि अर्धा वेळ दक्षिणेला उडतं, वारा समोरून नाही की मागून नाही, बहुतेक आडवाच. म्हणून जाताना सोळाच्या आसपास आणि येताना पण तेवढेच, थोडंफार इकडेतिकडे. ही वाट रशियावरून जाते, 2022 पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना ते आकाश बंद आहे, आखातातल्यांना तसं नाही.

आता माझ्यापुरता निकाल कशाने लागला ते सांगतो. सिंगापूरमार्गे येताना. सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री दहाच्या सुमाराला निघतं, तोच जेट स्ट्रीम आता समोरून, वैमानिक वळसा घेऊन तो टाळायचा प्रयत्न करतात पण तरी सतरा तासांच्या आसपास जातातच. तास एकवेळ चालतील हो, पण ते सगळे तास काळोखाचे असतात. विमान पश्चिमेला पळतंय आणि पहाट मागून येतेय, ती गाठतच नाही. जेवण होतं, दिवे बंद होतात, तुम्ही छान सहा-सात तास झोपता, उठून खिडकीची झडप जरा वर करता तर बाहेर काळं ठिक्कर, स्क्रीनवर अजून नऊ तास बाकी, आजूबाजूला सगळे झोपलेले, पाय मोकळे करायला उठायचं तर शेजारच्याला उठवायला लागतं. माझ्या शेजारी आई होती, तिचे गुडघे धरलेले, दर थोड्या वेळाने "उजाडलं का रे?" विचारायची आणि मी नाही म्हणायचो. सिंगापूरला उतरलो तेव्हा कुठे फटफटत होतं, आणि पुढे मुंबईचे साडेपाच तास बाकीच होते.

नंतर आम्ही दुबईमार्गे येऊन बघितलं, जानेवारीचाच शेवट होता. दुपारी निघालो, ध्रुवाकडे अंधार झाला, पण मधेच रशियावर उजेड आला, थोडा वेळ का होईना खिडकीतून बर्फ दिसलं, मग परत संध्याकाळ. आई त्या उजेडात चहा घेऊन बसली, बरी दिसत होती. आणि दुबईहून मुंबईला तोच पश्चिमेचा वारा पाठीशी, तीन तासांच्या आतच उतरलो. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

अर्थात प्रत्येकाचं सारखं नसेल. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो, तेव्हा सिंगापूरमार्गे येणं एवढं जड जात नसावं. ज्यांना विमानात गाढ झोप लागते त्यांना अंधार उलट बरा वाटेल. आखातातलं आकाश कधीकधी अचानक बंद होतं, जून 2025 मधे झालं तसं, तो धोका पण धरायला हवा. शिकायला निघालेल्या मुलाचं एकेरी तिकीट असेल तर सिंगापूर खुशाल घ्या. पण परतीचं तिकीट असेल, नोव्हेंबर ते मार्चमधलं असेल आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी मी दुबईच घेईन.